मनगटाला आराम हवा, पण ट्रॅक्टरवाल्याला दिसायलाही हवं

पत्राचा सारांश: वय ५६. बेळगावजवळच्या येळ्ळूर भागात घर, उद्यमबागेत लेथवर काम. रोज जाऊन-येऊन १६ किलोमीटर सायकल. दोन वर्षांपूर्वी जुनी काळी सायकल देऊन सरळ हँडलची गिअरवाली घेतली. आता वीसेक मिनिटांत हाताची शेवटची दोन बोटं बधिर होतात, मान आखडते आणि बैठकीच्या पुढच्या भागाला मुंग्या येतात. डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांची झीज सांगितली आहे. सायकल सोडू नका, पण बसायची पद्धत बदला, असा सल्ला दिला आहे. रेलून बसून, पाय पुढे करून चालवायच्या रिकम्बंट सायकलचे व्हिडिओ पाहून मन तिकडे ओढतं. बाहेरून मागवलेली तीनचाकी लाखाच्या वर जाते; दोनचाकी करायची तर ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे होईल. मुलगा म्हणतो, ‘बाबा, ऊसवाल्या ट्रॅक्टरला तुम्ही दिसणारच नाही. आणि एवढी चांगली असती तर सगळ्यांनी घेतली नसती का?’ मित्र म्हणतो, तीनचाकी घे, ती पडतच नाही. पत्राचा शेवट असा: ‘आराम घेऊ की जीव सांभाळू?’

आराम की जीव, ही निवड तुमच्यापुढे आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. तिथे पोचण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. दुखतंय ते सायकलच्या जातीमुळे, की ती तुमच्या अंगाला बसवून घेतलेली नाही म्हणून? आणि मुलाची भीती रस्त्यावरच्या नेमक्या कुठल्या जागेची आहे?

पहिलीचा खर्च अर्धा तास आणि एक ॲलन की. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं तेव्हा बहुतेक वेळा तळहाताच्या करंगळीकडच्या उशीवर भार येऊन तिथली नस दबलेली असते. काळ्या सायकलवर तुम्ही ताठ बसत होता. सरळ हँडलने तुम्हाला पुढे झुकवलं, मनगट मागे मोडलं आणि धडाचा भार हातांवर आला. स्टेम (हँडल धरणारा दांडा) उंच करून हँडल सीटपेक्षा २ ते ४ सेंटिमीटर वर आणा. ब्रेकचे लिव्हर खाली फिरवा, म्हणजे बोटं ब्रेकवर असताना मनगट सरळ राहील. सीटवर कामावरची स्पिरिट लेव्हल ठेवा: टोक वर असेल तर समपातळीत आणा, फार तर किंचित खाली. उंचीसाठी पायडल सर्वांत खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता गुडघा जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. आणि सीटवर जाड जेलचं कव्हर असेल तर काढून टाका. बसायची हाडं त्यात रुततात, मधला भाग वर येतो आणि नको तिथेच दाब वाढतो. मऊ म्हणजे आरामदायी, हा समज सायकलच्या सीटला लागू होत नाही.

असं तीन आठवडे चालवून पाहा. तक्रार निम्म्यावर आली तर लाखभर रुपयांचा प्रश्न तिथेच मिटला.

एक मात्र इथेच सांगतो, आणि हे सगळ्याच वाचकांसाठी आहे. रात्री झोपेत किंवा लेथपाशी उभं असतानाही बोटं बधिर होत असतील तर नस मानेत दबलेली असू शकते. कुठलीही सायकल ते बरं करणार नाही. आणि बैठकीची बधिरता उतरल्यावरही तशीच राहत असेल, लघवीवरचा ताबा बिघडला असेल किंवा पायातलं बळ गेल्यासारखं वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर रेलून चालवायच्या सायकलचा विचार योग्य आहे. तळहातावरचा भार तिथे जवळजवळ शून्य होतो. बैठकीच्या पुढच्या भागावर काही येतच नाही, कारण वजन ढुंगण आणि पाठ वाटून घेतात. मानेचं मात्र तुम्ही समजता तसं नाही. व्हिडिओत दिसणाऱ्या वेगाच्या सायकलींची पाठ जमिनीशी २०–२५ अंशांवर असते, आणि इतकं रेलल्यावर रस्ता पाहायला डोकं सतत पुढे उचलून धरावं लागतं. झिजलेल्या मानेला ही शिक्षाच. तुम्हाला ४५ अंशांच्या आसपासची पाठ हवी, डोकं मणक्यावर आपसूक तोललेलं राहील अशी. पाठ कमी-जास्त कलवता येईल अशी करून घ्या आणि आधी जास्त ताठच ठेवा.

या बसण्याची स्वतःची दुखणीही आहेत, ती विकणारे सांगत नाहीत. पहिलं ढुंगणाच्या स्नायूंचं. वजन ज्यावर टेकलंय तेच स्नायू पायडल मारतात, म्हणून पाऊण-एक तासाने तिथे खोल ठणका लागतो. कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण सारून बसणं, कमरेच्या खोबणीला आधार असणं आणि पाठ अंशाअंशाने बदलत जाणं, हा त्यावर उतारा. जाळीची सीट घ्या. आपल्याकडे मार्च ते मे पाठीला हवा लागली नाही तर फोमची सीट दहा मिनिटांत चिंब होते. दुसरं तळव्यांचं. पाय बराच वेळ उंच राहिले की चवड्यांची आग होते किंवा बोटं बधिर होतात. बुटाच्या नाड्या सैल ठेवा, पायडल चवड्यापेक्षा सेंटिमीटरभर टाचेकडे येऊ द्या आणि क्रँकचा (पायडलच्या दांड्यांचा) आस सीटच्या पातळीखाली असेल अशी रचना निवडा.

तिसरं आणि महत्त्वाचं गुडघ्यांचं. साध्या सायकलवर तुमच्या वजनाहून फार जास्त जोर पायडलवर पडत नाही, कारण तुम्हीच वर उचलले जाता. इथे पाठीला टेकू असतो, त्यामुळे पाय वजनाच्या पलीकडे जोर लावू शकतात आणि त्याची किंमत गुडघे मोजतात. जड गिअरवर चढ चढायचा हट्ट करणाऱ्याचे गुडघे पहिल्याच महिन्यात बोलायला लागतात. हलक्या गिअरवर मिनिटाला ७५–८५ फेरे मारा. सीट आणि क्रँकमधलं अंतरही इथे निर्णायक: बूट काढून टाच पायडलवर ठेवल्यावर सर्वांत दूरच्या बिंदूला गुडघा सरळ व्हावा, मग चवड्यावर पायडल घेतल्यावर किंचित वाक उरतो. अंतर कमी असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, जास्त असेल तर गुडघ्यामागची शीर.

आता जिवाकडे येऊ. उलटण्याच्या बाबतीत ही सायकल साध्या सायकलपेक्षा उजवी आहे. पुढचा ब्रेक करकचून लागला तरी हँडलवरून डोक्यावर आपटायची भीती नसल्यात जमा, पडायची उंची कमी, आणि समोर काही आलं तर पाय आधी पोचतात. पण हे बसणं तीन गोष्टी काढून घेतं: खड्ड्यावर ढुंगण उचलणं, मान वळवून मागे पाहणं, आणि गर्दीच्या वर डोकं असणं. सुरक्षिततेचा सगळा खर्च या तिन्हींची भरपाई करण्यावर करायचा.

खड्ड्याची भरपाई टायर करतो. बसल्याजागी बसलेला हादरा थेट कण्यात जातो, म्हणून पावणेदोन इंच रुंद टायर हवा, आणि हवा दगडासारखी नको: मागे ५०, पुढे ४० पीएसआयच्या आसपास सुरू करून वजनाप्रमाणे ठरवा, टायरवर लिहिलेल्या मर्यादेत. आपल्याकडचे बिनरंगाचे स्पीडब्रेकर चालण्याच्या वेगाने पार करा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर रूळ काटकोनात ओलांडा. अशा सायकलचं पुढचं छोटं चाक रुळाच्या खोबणीत मोठ्या चाकापेक्षा सहज अडकतं.

मागे पाहण्याची भरपाई आरशाने, आणि तेही दोन्ही बाजूंच्या. मोटारसायकलचे आरसे चालतात, पण दांडी आखूड करा, नाहीतर थरथरून काही दिसत नाही. मान आखडलेल्या माणसाला तर आरसा साध्या सायकलवरही हवा. तो उद्याच लावा.

राहिलं दिसणं. ‘खाली म्हणजे अदृश्य’ हे मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते कळायला हवं. लांबून मागून येणारा ड्रायव्हर रस्त्यावरची सपाट, रुंद, वेगळ्या आकाराची वस्तू पाहतो. त्याच्यासाठी सीट ५५–६० सेंटिमीटरवर असलेली सायकल लपलेली नसते. अशा सायकलवर तुमचे डोळे साधारण मोटारीतल्या ड्रायव्हरच्या पातळीला येतात. जमिनीपासून २५–३० सेंटिमीटरवर बसवणाऱ्या तीनचाकीत ते त्याहून बरेच खाली जातात. खरा धोका जवळून आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटपुढे, ट्रॉलीच्या डाव्या कुशीत, उभ्या टेम्पोच्या आडून बाहेर पडताना, आणि ऊस उभा असलेल्या फाट्यावर. डबल ट्रॉली वळते तेव्हा मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत कापत येते; त्या कोपऱ्यात उभ्या सायकलस्वाराला कोणीच वाचवू शकत नाही, मग सायकल कुठल्याही जातीची असो. ट्रॅक्टर थांबला असेल तर त्याच्या मागेच थांबा, आणि त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसेल इतकं अंतर ठेवा.

झेंडा लावा, पण पोरांच्या सायकलला लावतात तसा इवलासा नको. काठीचं टोक जमिनीपासून १.८ मीटर, कापड भडक केशरी किंवा पोपटी, फडफडणारं. मागे दोन लाल दिवे, एक सीटच्या पाठीवर आणि एक काठीवर. नुसता एकच खालचा दिवा असेल तर अंधारात तो लांबचा वाटू शकतो. एक बारकावा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: साध्या सायकलच्या पायडलवरचे रिफ्लेक्टर वरखाली हलतात आणि मागच्याला लगेच कळतं की पुढे सायकल आहे. रेलून बसल्यावर पायडल उभं होतं, ते रिफ्लेक्टर आभाळाकडे आणि जमिनीकडे पाहू लागतात. म्हणून सीटच्या पाठीवर, हेल्मेटच्या मागे आणि दोन्ही चाकांच्या आऱ्यांवर रिफ्लेक्टर पट्ट्या हव्यात. पुढचा दिवा क्रँकच्याही पुढे बसवा, नाहीतर तुमच्याच पायांच्या सावल्या रस्त्यावर नाचतील.

निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागातल्या वाचकांनी यात आणखी एक धरावं. ऊसतोडीच्या हंगामात दिवस मावळल्यावर बिनदिव्याच्या, बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि पडलेल्या उसाच्या कांड्या चाकाखाली येतात. त्या तासांत खालच्या सीटची सायकल बाहेर काढू नये, एवढंच माझं मत. तवंदी घाट किंवा वंटमुरीच्या चढाला हायवेची मुख्य वाटही तिच्यासाठी नाही.

मित्राच्या ‘पडतच नाही’बद्दल. तीनचाकी उभी असताना पडत नाही, हे खरं. चिखलात किंवा चढावर दर तासाला चार किलोमीटरनेही ती निवांत जाते. पण वेगात वळली आणि तुम्ही आतल्या बाजूला झुकला नाहीत तर आतलं चाक उचलतं आणि ती उलटू शकते. पुढे दोन चाकं असलेल्या तीनचाकीची रुंदी ७५–८५ सेंटिमीटर. दोनचाकी एक रेघ धरून खड्डा चुकवते. तीनचाकीला तीन रेघा सांभाळायच्या, त्यामुळे एकतरी चाक खड्ड्यात जातंच. आपल्या उतरत्या कडांच्या रस्त्यावर ती सतत डावीकडे ओढते. आणि सर्वांत वाईट अपघात पायाचा: चालतीत पाऊल पायडलवरून घसरून जमिनीला टेकलं की सायकल त्यावरून पुढे जाते, पाय आडव्या नळीखाली खेचला जातो, घोटा मोडतो. तीनचाकीवर पाय पायडलला बांधलेला असायलाच हवा; टाचेच्या पट्ट्या तरी लावा. शिवाय ३० सेंटिमीटरच्या सीटवरून रोज उठायचंय. घरातल्या पाटावर बसून हात न टेकता उठता येतं का, ते आधी करून पाहा. तोल सांभाळणं ज्यांना खरंच जड जातं, त्यांच्यासाठी तीनचाकी उत्तम. तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही.

‘सगळ्यांनी घेतली नसती का’ याचं उत्तर थोडं गमतीचं आहे. १९३३ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेने बनवलेल्या रेलून चालवायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून जुना विक्रम मोडला. १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की ती बाद व्हावी. शर्यतीत नाही म्हणून कारखान्यांत नाही, कारखान्यांत नाही म्हणून दुकानांत नाही. यातून ती वेगवान आहे एवढंच कळतं. येळ्ळूरच्या रस्त्यावर ती सुरक्षित आहे की नाही, याबद्दल ना तो विक्रम काही सांगतो, ना ती बंदी.

तुम्ही टर्नर आहात, फॅब्रिकेशनवाला ओळखीचा आहे, म्हणून माझा कौल लांब बांध्याच्या दोनचाकीला. पुढचं चाक पायडलच्या पुढे, दोन चाकांच्या आसांमध्ये १६० ते १८० सेंटिमीटर, सीट ५५–६०, क्रँक सीटपेक्षा खाली. पाठ पुढे घेतली की दोन्ही पावलं जमिनीला टेकायला हवीत, मग सिग्नलवर धाकधूक नाही. मागे २६ इंची चाक, पुढे २० इंची. टायर घेताना कडेवरचा ४०६ आकडा वाचा. २० इंच म्हणून ४५१ चा टायरही मिळतो आणि तो त्या रिमवर बसत नाही.

मुख्य नळी ४० मिलिमीटर चौकोनी, १.६ ते २ मिलिमीटर जाडीची. वेल्डिंग तुटत नाही, त्याच्या शेजारची तापलेली नळी तडकते, आणि ती बहुतेक हेडपाशी, म्हणजे फोर्कचा दांडा जिथे बसतो त्या नळीपाशी. तिथे त्रिकोणी गसेट (आधाराची पट्टी) द्या. फोर्क मात्र तयारच घ्या, त्याच्या दांड्याला घरचं वेल्डिंग नको. चेन साध्या सायकलच्या अडीच ते तीन लागतात. ओढणारी वरची बाजू पुलीवर शक्य तितकी कमी वळली पाहिजे, नाहीतर जोर तिथेच खाल्ला जातो. परतीची बाजू कशीही वळवा. नायलॉनच्या गजातून पुली तुम्हीच काढाल, आत ६०८ चं बेअरिंग बसतं. पँटजवळची चेन प्लास्टिकच्या नळीतून न्या.

या बांध्याची एक खोड आधीच माहीत असू द्या. पुढच्या चाकावर वजनाचा एक तृतीयांशाच्या आसपासच भार असतो, त्यामुळे ओल्या मातीवर ते ब्रेकने किंवा वळताना सरकतं. मागचा ब्रेक मुख्य, पुढचा मदतीला. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी डांबरावर आणलेला गारा दिसला की उतरून ढकला. जून ते सप्टेंबर सध्याची गिअरवालीच सायकल वापरा. रेलून बसलेल्याच्या तोंडावर पाऊस सरळ पडतो, चष्म्यातून दिसत नाही, आणि ट्रकच्या चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तोंडाच्या उंचीला येतं. रविवार पेठेतल्या गर्दीतही गिअरवालीच बरी. लांब सायकलला वळायला गल्ली पुरत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या वाचकांनी तर पावसाचे चार महिने ही सायकल विसरावी. म्हणजे तुमच्यासाठी ही आठ महिन्यांची सायकल आहे, आणि दुसरी घरात ठेवावीच लागेल. हे खर्चात धरा.

शिकताना शाळेचं रिकामं मैदान, सीटची पाठ ताठ, हलका गिअर. एक पायडल वरच्या बिंदूच्या थोडं आधी, मागचा ब्रेक दाबलेला. पाठ टेकवा, ब्रेक सोडा, एक जोरदार ढकल, आणि दुसरा पाय लगेच वर. सुरुवातीला सायकल नागमोडी जाते ती हँडल घट्ट धरल्यामुळे. बोटांनी नुसतं पेललं की सरळ होते. थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय लावा, कारण पुढच्या निघण्याला उभं राहून जोर देता येणार नाही. आधी तीन-चार किलोमीटर, मग आठवड्याला थोडं थोडं वाढवत कामावर. स्नायू बदलायला महिना-दीड महिना लागतो. तोवर चढाला दम लागला म्हणून सायकल वाईट ठरवू नका. कुत्री मागे लागली तर पळवू नका, सावकाश थांबून पाय टेका. इथे तुमचं तोंड त्यांच्या फार वर नसतं.

आणि मुलाशी वाद घालण्यापेक्षा त्यालाच कामाला लावा. सायकल करायला टाकण्याआधी ५५ सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या, ओळखीच्याचा ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर शेतात उभा करा, इंजिन बंद. मुलाला ड्रायव्हरच्या जागी बसवा. तुम्ही स्टुलावर रेलून बसा आणि जागा बदलत जा: बॉनेटपुढे एक मीटर, तीन मीटर, पुढच्या चाकाशेजारी, ट्रॉलीच्या डाव्या कुशीला, मागे पाच मीटर. कुठे डोकं दिसतं, कुठे नुसता झेंडा, कुठे काहीच नाही, ते त्याने चुन्याने जमिनीवर आखावं. तेच संध्याकाळी दिवे लावून पुन्हा. जिथे झेंडाही दिसला नाही त्या जागी तुम्ही कधीच थांबायचं नाही, हे त्याच्यासमोर कबूल करा. काठीची उंची मात्र हे आखून झाल्यावरच नक्की करा, १.८ मीटर कमी पडली तर वाढवायला बांबू आपल्याकडे काही महाग नाही.